तळोज्याचा पाऊस, पाखरे आणि एक नोंदवही

जुलै महिन्यातला एक रविवार. सकाळचे सात वाजले होते. रात्रभर कोसळणारा पाऊस नुकताच थांबला होता आणि कारखान्यांची रात्रपाळी सुटली होती. कामगार बंधू रिकामे डबे घेऊन घराकडे परतत होते आणि आम्ही चार-पाच जण त्यांच्या उलट दिशेने, कासाडी नदीकडे निघालो होतो. खांद्यावर पिशवी, पायात गमबूट, हातात छत्री. एका फाटकावरच्या ओळखीच्या वॉचमनने हटकले, "काय भाऊ, सुट्टीच्या दिवशी एवढ्या सकाळी कुठं?"

"पाखरांचे फोटो काढायला."

तो मोठ्याने हसला. "तळोज्यात? इथं धूर आणि ट्रक सोडून आहे काय?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. औद्योगिक वसाहत म्हटली की चिमणी म्हणजे धुराची चिमणी, हेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु त्या सकाळी दोन तासांत आम्हाला काय दिसले ते ऐका. भाताच्या खाचरात गायबगळे होते. एरवी पांढरेशुभ्र असणारे हे बगळे विणीच्या दिवसांत डोक्यावर आणि मानेवर केशरी होतात. बांधावर ढोकरी बसली होती. एरवी मातीच्या रंगाची असल्यामुळे ती दिसतही नाही, पण पावसाळ्यात तिच्या पाठीला तांबूस-जांभळा रंग चढतो. तारेवर खंड्या होता. झुडपात भारद्वाज घुमत होता. पाणथळीतल्या गवतातून पांढऱ्या छातीची पाणकोंबडी आपल्या पिलांना घेऊन निघाली आणि आम्हाला पाहताच पुन्हा गवतात शिरली. टिटवीने तर आम्ही दिसताक्षणीच सगळ्या शिवाराला वर्दी दिली. आणि एका बाभळीवर सुगरणीची अकरा घरटी झुलत होती.

आम्ही व्यवसायाने कारकून. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पक्षिशास्त्राचे आम्ही पंडित नाही आणि छायाचित्रकार म्हणून आमचे नाव कोठे झालेले नाही. वसाहतीतल्या शाळकरी मुलांना घेऊन महिन्यातला एक रविवार बाहेर पडायचे, एवढाच आमचा उपक्रम. परंतु बदलत्या हवेत, धुरा-पावसात पाखरांचे फोटो काढताना आम्ही जे शिकलो, ते आपल्या घराघरांत पोहोचावे असे वाटते. कारण हा केवळ छंद नाही, असे आमचे आता मत झाले आहे.

हवा बदलते तशी पाखरे बदलतात

तळोज्याची हवा लहरी आहे. एका बाजूला खारघरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये कारखाने. डोंगरावर ढग अडला की पाच मिनिटांत अंधार होतो आणि दहा मिनिटांत पुन्हा ऊन पडते. कॅमेरा घेऊन निघणाऱ्याला याचा त्रास होतो हे खरे. परंतु ज्याला पाखरांचे वेळापत्रक कळले, त्याला हीच लहर उपयोगी पडते.

पहिल्या वळिवाच्या संध्याकाळी जमिनीतून पंखवाल्या वाळव्या निघतात. दिव्याभोवती त्यांचे थवे जमले की आपण दिवा बंद करतो, पण बाहेर त्या वेळी पाखरांची मेजवानी चाललेली असते. घारीसारखा मोठा पक्षीसुद्धा त्या वाळव्या हवेतल्या हवेत पायांनी पकडून खातो. मे महिन्याच्या शेवटी पावशा ओरडू लागतो. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असा त्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांनी लावला. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पावशाचा पहिला आवाज दरवर्षी आमच्या सौभाग्यवतींनाच ऐकू येतो. आम्ही त्या वेळी ऑफिसची बस पकडण्याच्या घाईत असतो.

भर पावसाळ्यात वेडा राघू इकडून कोरड्या मुलखाकडे सरकतो आणि पाऊस ओसरला की परत येतो. थंडीत उत्तरेकडून धोबी आणि तुतवार येतात, चिखलात शेकाटे उतरतात. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे साधारण नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत मुक्कामाला असतात. त्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून तिची आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. खारफुटीत कोल्हे आहेत, बांधांवर मुंगूस आणि घोरपड आहे. हे सारे आपल्या शेजारी राहते. भाडे मात्र कोणी मागत नाही.

ढगाळ उजेडाचा हिशेब

पुष्कळांना वाटते की फोटो म्हणजे कडक ऊन हवे. आमचा अनुभव उलट आहे. दुपारच्या उन्हात पाखराच्या पोटाखाली काळी सावली पडते आणि रंग भाजल्यासारखे फिके दिसतात. ढगाळ हवेत उजेड चारही बाजूंनी सारखा पडतो, सावल्या मऊ होतात आणि धुतलेल्या पानांचा हिरवा रंग उठून दिसतो. पावसाची सर थांबल्यानंतरचा पाऊण तास तर सोन्यासारखा असतो. पाणकावळा पंख पसरून सुकवीत बसतो, मुनिया पिसे झटकतात, भुकेलेली पाखरे निर्भयपणे उघड्यावर येतात.

अडचण एवढीच की उजेड कमी असतो. त्यासाठी कॅमेऱ्यातला आयएसओ वाढवावा, ८०० पासून १६०० पर्यंत न्यायला घाबरू नये. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण पाखरू हलल्यामुळे अस्पष्ट झाले तर तो फोटो वाया गेला. उडत्या पाखरासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जवळपास हवा. बसलेल्या पाखरामागे पावसाच्या रेघा दाखवायच्या असतील, तर तोच वेग साठाव्या भागापर्यंत खाली आणावा आणि कॅमेरा एखाद्या खांबाला किंवा गुडघ्याला टेकवून धरावा.

दुसरी गोष्ट मुलांना समजावताना आम्ही हिशेबाचे उदाहरण देतो. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. एका मालकाचे आणि दहा कामगारांचे उत्पन्न एकत्र करून सरासरी काढली, तर ती ना मालकाची खरी, ना कामगाराची. काळ्या ढगासमोर किंवा गर्द हिरव्या शेतात पांढरा बगळा असला की कॅमेरा अंधाराकडे पाहून उजेड वाढवतो आणि बगळ्याचे नुसते पांढरे डबडे होते, पिसे दिसत नाहीत. अशा वेळी अधिक-उणे खुणेच्या बटणाने उजेड थोडा कमी करावा. उलट पांढुरक्या आभाळासमोर काळा पाणकावळा असला, तर उजेड वाढवावा. एवढे एक सूत्र कळले की निम्मे काम झाले.

कॅमेरा भिजू नये म्हणून महाग आवरणाची गरज नाही. जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी, भिंगापुरते भोक पाडावे आणि रबर लावावे. खिशात एक जुना सुती रुमाल असावा. कोकणातल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते आणि ती एकदा आत शिरली की दुरुस्तीचा खर्च फार येतो. म्हणून घरी आल्यावर कॅमेरा पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. नव्या बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात त्याच या. तांदळात कॅमेरा ठेवू नये, त्याची धूळ आत जाते. थंड खोलीतून एकदम बाहेर आल्यास काचेवर बाष्प जमते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

आणि कॅमेरा नसेल तर? कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये, हे आम्ही पालकांना स्पष्ट सांगतो. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याची किंमत कष्टकऱ्याच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढी असते. आमच्यात एकच जुना, वापरलेला कॅमेरा आहे आणि तो पाळीपाळीने फिरतो. बाकी सर्वांकडे मोबाईल. मोबाईलवर बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये, त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे किंवा पाखरू लहान दिसले तरी चालवून घ्यावे. झाड, पाणी, तार, चिमणी यांच्यासह आलेले लहान पाखरूसुद्धा ते कोठे राहते ते सांगते. कित्येकदा तोच फोटो अधिक मोलाचा असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

जिवाची काळजी मात्र पहिली. विजा चमकत असताना झाडाखाली उभे राहू नये. जोराच्या पावसात भरती आली की खाडीकाठचे पाणी बघता बघता चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी काय करते ते या सगळ्या परिसराने पाहिले आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोचा धोका असतो. उतरावेच लागले आणि नंतर ताप आला, तर दवाखान्यात जाऊन पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

निळ्या कुत्र्यांचा फोटो

आता मुद्द्याकडे येऊ. तळोज्यात निघालेला सर्वांत प्रसिद्ध प्राण्याचा फोटो कोणता, असे विचारले तर त्यात दुर्मीळ पक्षी नाही की वाघ नाही. त्यात रस्त्यावरचे एक भटके कुत्रे आहे, आणि त्याचा रंग निळा आहे.

ऑगस्ट २०१७ ची ही हकीकत. तळोजा औद्योगिक वसाहतीत काही भटकी कुत्री अंगभर निळी झालेली दिसू लागली. नवी मुंबईत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आरती चौहान यांनी त्यांचे फोटो काढले, ते लोकांपुढे आणले आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. ते फोटो वृत्तपत्रांतून देशभर आणि देशाबाहेरही गेले. चौकशी झाली. एका कारखान्यातल्या निळ्या रंगामुळे, दूषित हवा-पाण्याच्या वाटे हे घडल्याचे पुढे आले आणि मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला.

या घटनेतली एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. तो महिना ऑगस्टचा होता. कुत्र्यांच्या अंगावरचा रंग पाण्याने धुऊन जाणारा होता. चार जोराच्या सरी आल्या असत्या, तर कुत्री पुन्हा जशीच्या तशी झाली असती आणि "निळी कुत्री दिसली" असे सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. फोटो त्याच दिवसांत निघाला म्हणून पुरावा राहिला. पाऊस सगळे धुऊन नेतो, चांगलेही आणि वाईटही. धुऊन जाण्याआधी ज्याने टिपले, त्याचे म्हणणे टिकले.

कासाडीचे दुखणे त्यापूर्वीचे आहे आणि त्यानंतरही संपलेले नाही. या नदीवर पोट असलेल्या मच्छीमार बांधवांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. जो रोज नदीवर जातो त्यालाच पाण्याचा बदललेला रंग आधी दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या कारखान्यांवर आमची-तुमची चूल पेटते त्यांना टाळे लागावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही. कामगाराला रोजगारही हवा आणि त्याच्या मुलाला नाला ओलांडताना नाक दाबावे लागू नये, असेही हवे. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत असे सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये.

आमचा फसलेला पुरावा

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबर महिन्यात पावसाने आठवडाभर उघडीप दिली होती. आम्ही बगळ्यांच्या मागे एका नाल्याकाठी गेलो, तर पाण्यावर मेलेले मासे तरंगत होते. शेकड्याने. बगळे काठावर बसून होते, पण एकही बगळा चोच घालीत नव्हता. ते दृश्य आम्ही कधी विसरणार नाही. आमच्याबरोबर दहावीत शिकणारा एक मुलगा होता. त्याचे वडील कंत्राटी कामगार. त्याने भराभर वीस-पंचवीस फोटो काढले. एक वृद्ध मच्छीमार तेथे उभे होते. ते म्हणाले, "काढा बाबा, काढा. कोणाला तरी दाखवा."

आम्ही फोटो धुऊन घेतले, अर्ज लिहिला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या गृहस्थांनी फोटो उलटून पाहिला आणि शांतपणे विचारले, "साहेब, यावर तारीख १ जानेवारीची आहे. तीही दहा वर्षांपूर्वीची. जानेवारीत एवढं हिरवं गवत?"

कॅमेऱ्याची बॅटरी कधीतरी पूर्ण उतरली होती, तारीख मूळ पदावर गेली होती आणि आम्ही ती पाहिलीच नव्हती. नाल्याचे नेमके ठिकाण अर्जात नव्हते. एकाही फोटोत ओळखीचा पूल, खांब की पाटी नव्हती, सगळे फोटो माशांचे जवळून काढलेले. पाहणी होईपर्यंत दोन रात्री पाऊस पडला आणि नाला स्वच्छ वाहू लागला. दोष त्या गृहस्थांचा नव्हता, आमचा होता. आयुष्यभर बिनतारखेचे व्हाउचर परत पाठवणाऱ्या कारकुनाने स्वतःच बिनतारखेचे व्हाउचर सादर केले होते!

परत येताना तो मुलगा काही बोलला नाही. वसाहतीच्या वळणावर मात्र म्हणाला, "काका, मी तारीख बघायला हवी होती." आम्ही म्हणालो, "बाळा, ती आम्ही बघायला हवी होती." त्या दिवशी त्या पोराच्या मनात जे मोडले असेल, त्याची टोचणी आम्हाला आजही आहे. पुढे तो मच्छीमार भेटला, तेव्हा आम्ही मान खाली घालून सारे सांगितले. तो म्हणाला, "फोटो काढलात, चांगलं केलंत. पण मासा तर गेला."

तेव्हापासून आमच्या पिशवीत एक नोंदवही आली. दोनशे पानी, साध्या पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. पेन्सिलही आहे, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. प्रत्येक रविवारी त्यात पाच रकाने भरले जातात : तारीख व वेळ, ठिकाण, हवा कशी, काय दिसले व किती, आणि फोटो क्रमांक. वही भरण्याचे काम त्याच मुलाने मागून घेतले. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याची तारीख तपासणे हेही त्याच्याकडेच. पहिला फोटो नेहमी ठिकाणाचा, म्हणजे पूल, पाटी किंवा विजेचा खांब यांचा. मग पाखरांचे. मोबाईलच्या फोटोत तारीख आपोआप साठवली जाते आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. परंतु व्हॉट्सअॅपवर तो नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते. पुरावा म्हणून पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ फोटो जपून ठेवावा. ही एक ओळ कापून कपाटाला चिकटवून ठेवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

किहीमचा बेकार माणूस

कोणी म्हणेल, आपल्यासारख्यांच्या वहीला कोण विचारतो? त्यांच्यासाठी आपल्याच रायगड जिल्ह्यातली एक हकीकत आहे. १९३० साली एक तरुण पक्षिअभ्यासक जर्मनीहून शिकून मुंबईला परतला. पाहतो तर त्याची संग्रहालयातली जागा पैशाअभावी रद्द झालेली. बेकारी आली. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून तो अलिबागजवळ किहीमला राहायला गेला. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर तो तिच्यासमोर बसून राहिला आणि काय दिसते ते टिपत गेला. नर घरटे विणतो, अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते. मग तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे सारे त्याने नोंदींच्या आधारे मांडले आणि जाणकारांचे लक्ष त्याच्याकडे गेले. त्या माणसाचे नाव सलीम अली. पुढे ते भारताचे सर्वांत थोर पक्षिशास्त्रज्ञ झाले.

ज्या पक्ष्याने सलीम अलींना उभे केले, त्याच पक्ष्याची अकरा घरटी आमच्या बाभळीवर झुलत होती. तळोज्यात. मुलांना हे सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ त्या झाडाकडे पाहत उभी राहिली. मुलांनी आणखी एक गोष्ट शोधली. बहुतेक घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला होती. पावसाचा वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो, हे त्या चिमुकल्या पाखराला ठाऊक असते. आपल्या खिडकीतून मात्र दर पावसाळ्यात पाणी आत येते!

न काढलेला फोटो

टिपणे महत्त्वाचे, हे आम्ही आतापर्यंत सांगितले. परंतु कधी टिपू नये, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर लेख अपुरा राहील.

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. ते १९६८ साली स्थापन झाले. पावसाळा लागला की त्या परिसरात तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. हा खंड्या जेमतेम चिमणीएवढा. पायाला तीनच बोटे म्हणून तिबोटी. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळे, डोके केशरी आणि चोच पोवळ्यासारखी लाल. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ खोदून तो अंडी घालतो. त्याच्या फोटोसाठी दूरदूरहून माणसे येतात, मोठमोठी भिंगे घेऊन.

आम्हीही गेलो होतो. परवानगी व शुल्क यांचे सोपस्कार पूर्ण करून, मुलांसह. दुपार ढगाळ होती, रिमझिम चालू होती. परत येताना अभयारण्याबाहेरच्या एका ओढ्याजवळ तो दिसला. चोचीत छोटी सापसुरळी होती. फांदीवर बसला, उडाला, पलीकडच्या फांदीवर बसला, पुन्हा अलीकडे आला. आम्ही हरखून गेलो. सर्वांचे श्वास रोखलेले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. तो दरडीकडे जाई आणि मागे फिरे. चोचीतली सापसुरळी तशीच. तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने हळूच विचारले, "काका, तो घरात का जात नाही?"

आम्ही मागे वळून पाहिले. आमच्या पाठीमागे, चार-पाच हातांवर, दरडीत एक भोक होते. त्याच्या दारातच आम्ही बसलो होतो. आत त्याची पिले उपाशी होती.

एकही फोटो न काढता आम्ही उठलो. चिखलातून लांब जाऊन उभे राहिलो. मिनिटभरात तो बिळात शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. वहीत त्या दिवशी नोंद झाली : तिबोटी खंड्या, एक, पिलांना चारा देताना. फोटो क्रमांकाच्या रकान्यात मुलीने लिहिले : "काढला नाही."

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हा गुन्हाच आहे. काही हौशी लोक घरट्यासमोरच्या फांद्या तोडतात, पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावतात. असे करू नये. ज्याच्या घराचा फोटो घ्यायचा, त्याच्या घरात आपण विघ्न होता कामा नये. विनापरवाना आपल्या दारात येऊन बसणाऱ्याला आपण तरी काय म्हणतो?

वही पुढे चालू राहो

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. हवामान खात्याच्या नोंदीत इतक्या लवकर तो पूर्वी कधी आला नव्हता. एरवी तारीख साधारण ११ जूनची. त्या वर्षी पावशा कधी ओरडला? सुगरणीने पहिले पाते कधी विणले? गायबगळ्याचे डोके कोणत्या आठवड्यात केशरी झाले? हवामान खाते पावसाची तारीख सांगेल. आपल्या बांधावरच्या पाखराची तारीख तो बांध रोज ओलांडणाऱ्यालाच ठाऊक असणार. ती लिहून ठेवली नाही, तर तीही धुऊन जाईल.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यातल्या एका सकाळी प्रत्येक कुटुंबाने मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर, नाल्यावर, निदान गच्चीवर तरी जावे, अशी आमची नम्र सूचना आहे. शाळेची एक जुनी वही घ्यावी, पाच रकाने आखावेत. मुलांना पाखरांची नावे येत नसतील तर रंग, आकार आणि आवाज लिहू द्यावेत. नावे मागाहून शोधता येतात, तारीख मागाहून शोधता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्या नाल्यावर गेलो होतो. आता कॉलेजात जाणारा तो मुलगा बरोबर होता. पाणी गढूळ होते, पण वास नव्हता. ढोकरीने आमच्यादेखत चोच मारून एक बोटभर मासा उचलला. मुलाने आधी कॅमेऱ्याची तारीख पाहिली, मग पुलाच्या कठड्याचा फोटो घेतला, आणि मग ढोकरीचा. ती तोपर्यंत मासा गिळून मोकळी झाली होती. फोटोत नुसती ढोकरी आली, मासा आलाच नाही.

"हुकला ना?" आम्ही म्हणालो.

"मासा वहीत लिहितो, काका," तो म्हणाला आणि पेन्सिलीने लिहू लागला : सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. हवा ढगाळ. ढोकरी एक. मासा जिवंत.